नावेसाठी दोन बॅटऱ्या

भागिरथाबाईनं किल्ली फिरवली. इंजिनाजवळून टक् असा एक आवाज आला आणि थांबला. तिनं पुन्हा फिरवली. या खेपेला तोही आला नाही.

नावेत पाच माणसं बसली होती. उजाडत होतं. धरणाच्या पाण्यावर धुकं होतं आणि पलीकडच्या काठावर आदल्या संध्याकाळी तोडलेली वांगी, काकड्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या ओल्या पोत्यांखाली झाकून ठेवलेल्या होत्या. शेलूबाजारचा आठवडी बाजार होता. माल ऊन चढायच्या आत अलीकडे यायला हवा होता.

"भागिरथाबाई, निघून राह्यलो का आपण?" मागून दौलतराव म्हणाले. "का इथंच बाजार भरवाचा?"

"वल्हे काढा," एक मजूर म्हणाला.

"वल्हे हायेत कुठं?" रंगराव म्हणाला. "असते तर तेबी बॅटरीवरच चालले असते."

दोघेतिघे हसले. भागिरथाबाई हसली नाही. तिनं बॅटरीचे चिमटे काढले, पदरानं पुसले, परत लावले. किल्ली फिरवली. काही झालं नाही.

"हॅन्डल मारून पाहा ना कोणी," रंगरावची बायको सीताबाई म्हणाली.

"हॅन्डलची जागाच राह्यली नाई," रंगराव म्हणाला. "तिथं धीरजनं डायनामोची पुली बसवली. पुंजाजी होता तवा एका हातानं फिरवत होता. आता आमी पाच जण अन् एक किल्ली."

पुंजाजी म्हणजे भागिरथाबाईचा नवरा. नाव त्याची. पत्र्याची, दहा-बारा माणसं बसतील एवढी. इंजिन पूर्वी विहिरीवर होतं. तो गेल्यावर भागिरथाबाईनं एकदा हॅन्डल मारून पाहिलं, तर ते उलटं फिरलं आणि तिच्या मनगटावर बसलं. मनगट जुळलं, पण त्यात जोर राहिला नाही. मग मिस्त्री धीरजनं त्याच इंजिनाला एका भंगारातल्या ऑटोचा सेल्फ आणि डायनामो बसवून दिला. तेव्हापासून सगळं बॅटरीवर आलं.

पलीकडची जमीन गाळपेऱ्याची होती. पावसाळ्यात ती पाण्याखाली असते. हिवाळ्यापासून पाणी उतरायला लागलं की काठाकाठानं काळा गाळ उघडा पडतो, आणि ज्यांच्या जमिनी प्रकल्पात गेल्या ती माणसं तिथं भाजीपाला लावतात. गाळात खत लागत नाही. पण तिथं जायला रस्ता धरणाच्या भिंतीवरून आणि मागच्या टेकडीला वळसा घालून आहे. जीपला त्यात सकाळ जाते. नावेनं गेलं तर एक विडी ओढून होते.

रंगराव नावेतून उतरला. पाण्यात घोट्यापर्यंत उभा राहून त्यानं रामधनला फोन लावला. रामधनची जीप होती.

"ये बाप्पा," तो फोनवर म्हणाला. "हो, पुन्हा तेच. हो."

फोन खिशात टाकून तो भागिरथाबाईकडे वळला. "आजचा सांबार तर गेला. तुले एकच सांगतो. रामधन कवाचा मांगं लागला, हंगामभर गाडी लावा म्हणून. एकदा हो म्हटलं का मंग नावेत कोणी बसत नाई. उद्या सकाळी नाव निघाली तर ठीक. नाई निघाली तर मी त्याले हो म्हणतो."

"उद्या निघन," भागिरथाबाई म्हणाली.

"मांगच्या बारीबी हेच म्हणे तू."

"बॅटरी बदलून आणते आजच."

"मी संगं येतो," रंगराव म्हणाला. "तो दुकानदार तुले घुमवून राह्यला."

तिनं चिमटे सोडून बॅटरी मोकळी केली.

*

धामणखेड पाण्याखाली गेलं तेव्हा लोकांना वर, रस्त्याच्या कडेला प्लॉट मिळाले आणि त्याला नवं धामणखेड म्हणू लागले. पुंजाजीलाही प्लॉट मिळाला होता. पण त्याच्या शेताचा एक तुकडा बुडाला नव्हता, अगदी काठाला होता, आणि नाव तिथूनच सुटायची. त्यानं तिथं दोन खोल्या टाकल्या. प्लॉट तसाच राहिला. विजेचे खांब जुन्या गावाबरोबर गेले होते. ते काठापर्यंत परत आले नाहीत. पुंजाजी असताना याचं काही वाटलं नाही. तो बोलका होता. चुलीपुढं बसून दिवसभरात कोण काय म्हणालं ते तो सगळं पुन्हा सांगायचा, बायकांचे आवाज काढून. ती म्हणायची, मी तिथंच होती ना, मले कायले सांगता. तो तरी सांगायचा.

तो गेल्यावर मुलगा अनुप तिला अमरावतीला घेऊन गेला. तो तिथं एका सरकारी ऑफिसात आहे. सून धम्मदीपा शाळेत शिकवते. दोघंही चांगली. सकाळी ती दोघं आणि नात डबे घेऊन निघायची आणि मग तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात भागिरथाबाई दारं लावून बसायची. महिनाभरानं ती म्हणाली, मले नावेवर नेऊन सोड. अनुपनं सोडलं. सोडताना त्यानं बारा व्होल्टवर चालणारा एक लहान टीव्ही, डिशची छत्री आणि एक बॅटरी आणून दिली. ती बॅटरी पावसाळ्यात खराब झाली.

नावेची बॅटरी तेव्हा घरातच होती. ती रोज संध्याकाळी घरात यायची, कारण त्या भागात रात्री उघड्यावर ठेवलेली कुठलीच बॅटरी सकाळी सापडत नाही. ट्रॅक्टरवाले ट्रॅक्टरची बॅटरी काढून पलंगाखाली ठेवतात. मोटरींच्या केबली लोक गुंडाळून घरी नेतात. तेव्हा भागिरथाबाईही शेवटची फेरी झाली की चिमटे सोडून बॅटरी डोक्यावर घेऊन चढ चढायची आणि कोपऱ्यात ठेवायची. एक दिवस तिनं टीव्हीच्या वायरी तिला लावल्या. टीव्ही लागला.

ती टीव्ही पाहत नसे. त्याच्याकडे पाठ करून बसे आणि भाजी निवडी, भाकरी थापी. मागं माणसं बोलत असत. भांडत, रडत, एकमेकांना जेवायला वाढत. बातम्यावाला बोले. कधी जाहिरातीतलं मूल हसे. ते बंद केलं की घरात फक्त पाण्याचा आवाज राही, आणि तो आवाज तिला पुंजाजी गेल्यानंतर पहिल्यांदा ऐकू आला होता. म्हणून ती बंद करत नसे. टीव्ही चालू असतानाच तिला झोप लागे.

सकाळी कधी इंजिन लागायचं, कधी नाही. आधी महिन्यातून एकदा लागत नसे, मग आठवड्यातून. शेलूबाजारच्या दुकानातून एक नवीन बॅटरी आली. ती चार महिन्यांत गेली. गॅरंटीत दुसरी मिळाली. आता तीही गेली होती.

*

रामधनची जीप उशिरा आली आणि वळसा घालून माल आणेपर्यंत ऊन चांगलं चढलं होतं. कोथिंबिरीच्या जुड्या पिवळ्या पडून माना टाकून बसल्या होत्या. मागच्या बाजूला पोत्यांच्या मधे भागिरथाबाई बसली होती. पायांमधे बॅटरी.

"मावशी, ॲसिड सांडू नको देऊ माह्या गाडीत," रामधन आरशातून पाहत म्हणाला.

"नाई सांडत."

"मी म्हणतो कायले जीव जाळता त्या नावेपायी," तो म्हणाला. बोलणं तिच्याशी होतं, पण ऐकणारा रंगराव होता. "रोज सकाळी दारापासून गाडी. पाय ओला नाई. बुडाची भीती नाई."

"अन् टेकडीवरून तुह्या ब्रेकची भीती," दौलतराव म्हणाले.

"नवे टाकले ना ब्रेक, काका!"

"मांगच्या वर्षीबी नवेच होते."

"मले आज-उद्या सांगा बाप्पा," रामधन म्हणाला. "मानोऱ्याकडचे लोकं मांगं हायेत. त्यायले हो म्हटलं का मंग माह्याकडे बोट दाखवू नका."

रंगरावनं खिडकीतून बाहेर पाहत मान हलवली. भागिरथाबाईनं ती पाहिली. हो की नाही ते त्यातून कळत नव्हतं.

नावेत माणसं तिच्याशी फार बोलत असं नव्हतं. इंजिनाशेजारी बसल्यावर कुणाचंही बोलणं ऐकू येत नाही. फक्त तोंडं हलताना दिसतात. पण माणसं चढताना काही म्हणायची, उतरताना काही म्हणायची. कुणाची सून माहेरी गेली, कुणाची म्हैस आटली. सीताबाई कधी भाकरीवर ठेचा देऊन जायची. जीप लागली की हे बंद होणार होतं, आणि नावेशिवाय त्या काठावर यायचं कुणाला दुसरं काही कारण नव्हतं. हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

*

हेमला राठोडचं दुकान जीप स्टँडच्या पुढं होतं. हेमला मानोऱ्याकडच्या एका तांड्यातला. आईबाप ऊसतोडीला जायचे. तो कारखान्यावर ट्रॅक्टरवाल्यांच्या हाताखाली बॅटरीचं काम शिकला आणि परत येऊन इथं दुकान टाकलं. दुकानात ॲसिडचा वास होता आणि भिंतीला जुन्या बॅटऱ्यांची थप्पी.

बॅटरी पाहूनच तो उठला. "मावशी! पुन्हा?"

"पुन्हा."

"मांगची कंपनीनं बदलून देली. आता फोन केला तर ते मले म्हणतीन, हेमला, तू बॅटऱ्या इकतो का खातो?"

"तू लय गोष्टी सांगू नको," रंगराव पुढं झाला. "पहिले तपास. आमचा माल सडला आज."

"बसा भाऊ. तपासतो ना."

हेमलानं वरची झाकणं एकेक करून उघडली. काचेची नळी आत घालून पाणी ओढलं, उजेडाकडे धरून पाहिलं, परत सोडलं. सहाही झाकणांचं तसंच केलं. मग मोबाईलचा टॉर्च लावून आत पाहिलं आणि रंगरावला म्हणाला, "या, पाहा."

रंगरावनं वाकून पाहिलं. "काय हाय?"

"प्लेटा पांढऱ्या पडल्या. हे एका रोजात होत नाई. बॅटरी रोजच्या रोज रिकामी झाली, अन् तशीच पडून राह्यली, का असं होते." तो भागिरथाबाईकडे वळला. "डायनामो चार्ज देते ना, मावशी?"

"देते. धीरजनं पाह्यलं."

"नावेवर काय काय चालते?"

"धुकं असलं तर समोरचा लाईट. बाकी नाई."

"लाईट इंजिन लागल्यावर लावता का आधी?"

"लागल्यावर."

"मंग रिकामी कशी होते?" हेमला म्हणाला. "रात्री नावेतच राह्यते का?"

"नाई. घरी नेते. चोरतेत ना लोकं."

"बरोबर हाय," रंगराव म्हणाला. "माही केबल नेली दोनदा."

"अन् घरी काय करता तिचं?"

"ठेवते," भागिरथाबाई म्हणाली.

"कुठं?"

"कोपऱ्यात."

हेमलानं झाकणं परत लावली. मागच्या खेपेला त्यानं हेच विचारलं होतं आणि तिनं हेच उत्तर दिलं होतं.

"हे पाह्य," रंगराव म्हणाला, "तिले आता मोठी दे. लहान इंजिनाले लहान बॅटरी म्हणून तू देली, ते चुकलं. ट्रॅक्टरची दे. जोरच राह्यला पायजे."

"ट्रॅक्टरची देतो," हेमला म्हणाला. "हे घ्या, पडली हाय. ते जास्त टिकन. पण कारण तेच राह्यलं तर तेबी मरन. उशिरा मरन, एवढंच."

"कवा मरन?" भागिरथाबाईनं विचारलं.

"ते कसं सांगू? होळी झाल्यावर, नाई तर हंगामाच्या मधात. जवा गरज असन तवाच मरते साली."

ट्रॅक्टरची बॅटरी समोर होती. ती घेतली असती तर तिथल्या तिथं सगळं मिटलं असतं. रंगरावचं समाधान झालं असतं, उद्या नाव निघाली असती, आणि पुढचे काही आठवडेही निघाली असती. भागिरथाबाई तिच्याकडे पाहत उभी राहिली. मग तिनं हेमलाकडे पाहिलं, रंगरावकडे नाही.

"टीव्ही लावते मी तिच्यावर," ती म्हणाली.

"काय?" रंगराव म्हणाला.

"घरी नेली का टीव्ही लावते."

"टीव्ही," रंगराव म्हणाला. "आमी पाण्यात पाय घालून उभे. माहा सांबार फेकून द्या लागला. अन् तू रात्रभर टीव्ही पाहून राह्यली?"

"पाहत नाई."

"मंग?"

"लावून ठेवते."

"कायले?"

हेमला गरम पाण्यानं बॅटरीची टोकं धुऊ लागला. ती धुवायची आता काही गरज नव्हती. स्टँडवर कंडक्टर मंगरूळ मंगरूळ ओरडत होता.

"किती वेळ चालते, मावशी?" हेमलानं मान वर न करता विचारलं.

"झोप लागेपर्यंत. कवा कवा सकाळपर्यंत चालू राह्यते."

"बरं." त्यानं फडकं बाजूला ठेवलं. "शंकरपट पाह्यला का तुमी?"

"पाह्यला."

"पटाचा बैल कसा असते? शर्यतीत एका दमात सुटते. हे म्हणेपर्यंत तेचं काम झालं. मंग आराम, खुराक. त्याले दिवसभर नांगराले जुंपलं तर?"

"मरन," रंगराव म्हणाला. "अन् मालकाले घेऊन मरन."

"हे इंजिनाची बॅटरी पटाचा बैल हाय. प्लेटा पातळ, पण लय. एका झटक्यात सारा जोर देते, इंजिन लागलं का डायनामो लगेच भरून काढते. तिच्यावर रात्रभर टीव्ही म्हंजे नांगराले जुंपलं." त्यानं पायानं भिंतीजवळच्या एका उंच बॅटरीला ढोसलं. "हे नांगराची. प्लेटा जाड. हळू देते, लय वेळ देते. हे रिकामी झाली तरी सोसते, भरली का पुन्हा उभी राह्यते. घरातलं सारं हिच्यावर."

"मंग हेच एक घेऊन टाकू ना," रंगराव म्हणाला. "घरीबी चालन, नावेतबी चालन."

"इंजिन लागन एखाद्या वेळी. नाई लागलं तर पुन्हा माह्याच दुकानात. नांगराचा बैल पटात पळवून कोणी ढाल आणली का आजपर्यंत?"

रंगराव हसला. दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच.

"दोन घ्या, मावशी," हेमला म्हणाला. "इंजिन सुरू कराची वेगळी, घरी जाळाची वेगळी. नावेची नावेपुरती. घरच्या बॅटरीले एक सोलरची प्लेट देतो, दिवसा उन्हात ठेवली का भरते. हे डबी मधात लावाची. हिरवा लाईट हाय तोवर टीव्ही चालवा. पिवळा लागला का बंद. तसंच चालवत राह्यल्या तर लाल लागते. लाल पाहूच नका."

"पिवळा किती वेळानं लागन?"

"ढगाळ असलं तर लवकर. ऊन चांगलं असलं तर जेवणं होईपर्यंत जाईन."

"जेवणं होईपर्यंत," भागिरथाबाई म्हणाली.

नावेचे जमवलेले आणि अनुपनं पाठवलेले पैसे तिच्या कमरेच्या पिशवीत होते. तिनं दोन्ही घेतल्या.

*

परतताना जीपमधे रंगरावनं उंच बॅटरी पायांमधे धरली. दौलतराव झोपले होते. नव्या धामणखेडला जीप थांबली तेव्हा रामधन म्हणाला, "मंग काय ठरलं? सकाळी आणू का गाडी?"

"सकाळी सांगतो," रंगराव म्हणाला.

"सकाळी सांगतो म्हंजे काय बाप्पा! मी झोपेतून उठून येऊ, अन् तुमी नावेत बसानं?"

"तू येशीलच असं कुठं हाय? आज किती वाजता आलता?"

रामधन पुटपुटत निघून गेला. काठापर्यंत दोन्ही बॅटऱ्या न्यायला रंगरावनं आपली सायकल काढली. उंच बॅटरी कॅरिअरला बांधली, लहान दांड्यावर धरली. भागिरथाबाई सोलरची प्लेट काखेत धरून मागून चालली. उतारावर दोघांनी मिळून सायकल आवरली.

घरी आल्यावर त्यानं उंच बॅटरी आत ठेवून दिली. कोपऱ्यातला टीव्ही त्यानं पाहिला. एवढासा होता, पडद्यावर एका बाजूनं रेघ पडलेली. खाली चटई, बसणाऱ्याची पाठ टीव्हीकडे होईल अशी टाकलेली. बाहेर येऊन त्यानं लहान बॅटरी उचलली.

"हे आता रात्री नावेतच राहू द्याची का आत ठेवाची?"

"तुमच्या घरी नेजा," भागिरथाबाई म्हणाली.

"माह्या घरी? कायले?"

"पिवळा लाईट लागला का टीव्ही बंद करा लागन. मंग हे कोपऱ्यात दिसन."

"मंग? दिसू दे."

"मी लावीन, भाऊ."

"आता कायले लावशीन? आता समजलं ना तुले."

"समजलं तर मले पहिलेबी होतं," ती म्हणाली. "धीरजनं सांगतलं होतं. तरी लावत होती."

रंगरावनं बॅटरी खाली ठेवली. पाण्याच्या बाजूनं वारा सुटला होता. काठाला बांधलेली नाव हलत होती.

"म्हंजे रोज मी हे वाहून नेऊ," तो म्हणाला, "अन् रोज आणू?"

"सायकलच्या कॅरिअरवर राह्यते."

"अन् मी बिमार पडलो तर?"

"सीताबाई आणन. नाई तर दौलतराव."

"लोकं म्हणतीन, रंगराव नावेचा मालक झाला."

"म्हणू द्या."

"तूच म्हणशीन एखाद्या रोजी, का तुही बॅटरी आमी दाबून ठेवली म्हणून."

"मी सांगून राह्यली ना तुमाले."

त्यानं डोक्यावरची टोपी काढून झटकली, परत घातली. "मी शब्द देत नाई," तो म्हणाला. "घरी सीताले इचारतो. रामधनचंबी पाहा लागन. तो खरंच मानोऱ्याकडे गेला अन् तुही नाव बसली, तर पुरा हंगाम माह्या डोक्यावर."

"बरं."

त्यानं बॅटरी कॅरिअरला बांधली आणि सायकल लोटत चढ चढू लागला. वळणावर दिसेनासा होईपर्यंत भागिरथाबाई उभी राहिली. आता नावेची बॅटरी नावेत नव्हती आणि घरातही नव्हती. तो सकाळी आला नाही तर इंजिन लागतं का नाही हे पाहायचीही सोय उरली नव्हती.

दिवेलागणीला अनुपचा फोन आला.

"जय भीम माय. जेवली का?"

"चूल पेटवून राह्यली."

"नाव बरोबर चालू हाय ना?"

"हो."

"तुह्या मांगं आवाज नाई आज. टीव्ही बिघडला का?"

"लावला नाई अजून."

"माय, मी पुन्हा म्हणतो, इकडे ये. नातबी विचारते."

"हंगाम झाल्यावर पाहू," ती म्हणाली. त्याला नातीचं काही विचारायचं होतं ते तिनं विचारलं, धम्मदीपाच्या खोकल्याचं विचारलं, आणि फोन ठेवला.

तिनं टीव्हीच्या वायरी नव्या बॅटरीच्या डबीला लावल्या. हिरवा लाईट लागला. टीव्हीतली माणसं बोलू लागली. ती पाठ करून भाकरी थापायला बसली, पण आज तिला मधे मधे वळून पाहावं लागत होतं. भाकरी झाली. जेवण झालं. लाईट हिरवाच होता. तिनं भांडी घासली, चटई झटकली. मालिकेत एक बाई सासूला काहीतरी सांगणार होती, पण सांगत नव्हती. दुसरीच माणसं मधे बोलत होती. लाईट पिवळा झाला.

भागिरथाबाई डबीसमोर बसली. ती बाई आता बोलायला लागली होती. तिचं एक वाक्य भागिरथाबाईनं ऐकलं. मग हात लांब करून वायर काढली.

घर एकदम रिकामं झालं. पाण्याचा आवाज आला. थोड्या वेळानं लक्षात आलं की तो एकच आवाज नाही; काठाला लागणारं पाणी वेगळं होतं आणि नावेच्या पत्र्यावर आपटणारं वेगळं. तिची नजर कोपऱ्याकडे गेली. तिथं बॅटरीच्या बुडाचा चौकोनी डाग होता. ती उठली, दार लावलं, आणि टीव्हीकडे तोंड करून आडवी झाली.

*

सकाळी ती अंधारातच उठून नावेतलं पाणी उपसायला गेली. पत्र्याच्या डब्यानं पाणी काढून झालं तेव्हा पूर्व नुकती पांढरी झाली होती. वरून, रस्त्याच्या बाजूनं जीपचा आवाज आला. हॉर्न वाजला. एकदा, मग थोडं थांबून पुन्हा. दार आपटल्याचा आवाज आला आणि जीप निघाली. आवाज धरणाच्या भिंतीच्या दिशेनं गेला की मानोऱ्याच्या, ते तिला कळेना. तिनं डबा हातात धरून कान दिला. मग आवाज गेलाच.

ती नावेच्या काठावर बसून राहिली.

सायकलची साखळी आधी ऐकू आली. मग वळणावर रंगराव दिसला, ब्रेक दाबत, बॅटरी कॅरिअरला धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळलेली. मागं कुणी नव्हतं.

"बाकीचे?" तिनं विचारलं.

"येऊन राह्यले मांगून. मी म्हटलं आधी जाऊन लावून पाहू. सारे बसल्यावर मंग तमाशा नको." त्यानं बॅटरी उतरवली. "रामधन शिव्या देऊन गेला. म्हणे, पुढच्या बारी फोन केला तर उचलणार नाई."

"सीताबाई काय म्हणे?"

"ते म्हणे, पलंगाखाली नको, ॲसिड हाय. न्हाणीत ठेवा. न्हाणीत ठेवली."

तिनं चिमटे लावून किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात लागलं, नाव हादरली, काठावरचे बगळे उडाले. रंगराव हातवारे करून काहीतरी ओरडला. तिला ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा हात हलवला तेव्हा तिनं इंजिन बंद केलं.

"डिझेल जाते फुकट, असं म्हटलं," तो म्हणाला.

लोक यायला वेळ होता. तो काठावरच्या दगडावर बसला, ती नावेत होती. एरवी तो सगळ्यांबरोबर यायचा आणि सगळ्यांबरोबर जायचा. असं दोघांनीच बसायची कधी वेळ आली नव्हती. त्यानं तंबाखू मळली, तोंडात टाकली, आणि पाण्याकडे पाहत राहिला. काठाच्या चिखलावर कालची आणि परवाची पाण्याची रेघ उठलेली होती.

"पाणी उतरून राह्यलं," तो म्हणाला. "उद्या नाव आणखी खाली बांधा लागन."

"हो," ती म्हणाली. "खुंटी काढून ठेवते संध्याकाळी."

"एकटीनं काढू नको. मी येतोच ना बॅटरी न्याले."

वरच्या वाटेवर माणसांचे आवाज यायला लागले. सीताबाई कुणाला तरी रागावत होती. भागिरथाबाई उठली आणि नावेतली फळी पुसू लागली.